अक्षयनीवीचा विसर

जागतिक वारसा समितीने ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड आदी महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले आपल्या यादीत घेतले. तेव्हापासून तटबंदी, दरवाजे, टाकी आणि वाडे यांच्या जतनाचे आराखडे आणि अंदाजपत्रके यांचा ओघ सुरू आहे, आणि तो असायलाही हवा. पण यांतल्या डोंगरी किल्ल्यांवर माणूस चढतो तो पायवाटेने, आणि पायवाट ही वस्तूच अशी विलक्षण की ती वापराने घडते आणि वापरानेच झिजते. भटकंतीच्या या वाटांसाठी सरकारी तिजोरीतून जो पैसा येतो तो कोणत्या नावाने येतो, वर्षाच्या कोणत्या महिन्यात येतो आणि काम उरकल्यावर त्या वाटेकडे पाहायला कोण उरते, हे प्रश्न वरकरणी एखाद्या कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावरचे वाटतात. प्रत्यक्षात सह्याद्रीत ते दोन हजार वर्षे विचारले जात आहेत, आणि प्रत्येक राजवटीने त्यांची दिलेली उत्तरे आजही दगडांवर आणि दप्तरांत वाचता येतात.

जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट हे या इतिहासाचे पहिले पान. सातवाहनांच्या काळात कातळ फोडून केलेली ही वाट घाटमाथ्यावरचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे नेत असे. खिंडीतल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची लांबलचक यादी आहे, आकड्यांसकट. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे आणि त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते. आज शनिवार-रविवारी तिथे जाणारी तरुण मंडळी त्या रांजणाशेजारी छायाचित्र काढून पुढे जातात. राजसत्तेने वाट केली, वाटेवर जकात बसवली आणि त्याच वाटेच्या तोंडाशी आपले दान कोरून ठेवले, ही तिहेरी रचना मात्र छायाचित्रात येत नाही.

याहून बोलका पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखांत त्याने नद्यांवर विनामोबदला नावा ठेवल्याचे, तीरांवर पाणपोया घातल्याचे आणि भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथे प्रवाशांसाठी निवारे बांधल्याचे नोंदले आहे. एवढ्यावर थांबला असता तर तो आजच्या कोणत्याही उद्‌घाटनप्रिय दात्यासारखाच ठरला असता. पण दहाव्या लेण्यातल्या लेखात, लेणे भिक्षुसंघाला दिल्यानंतर, तो ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ स्थापन करतो. त्यांतले २,००० कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने ठेवलेले आहेत. मुद्दल परत मागायचे नाही, खर्चायचे ते फक्त व्याज. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण. आणि लेख सांगतो की लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत. हिशोब काट्यावर बसतो. शिवाय हा व्यवहार निगमसभेत जाहीर वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला, हेही त्यात आहे. ही नीवी वाटेसाठी नव्हती, चीवरांसाठी होती, हे खरे. पण एखादी गोष्ट उभी करण्याचा खर्च आणि ती चालती ठेवण्याचा खर्च या दोन निराळ्या जाती आहेत आणि दुसरीची सोय पहिल्याच दिवशी करावी लागते, ही जाण त्या काळच्या दानव्यवहारात मुरलेली होती. व्याजाचा दर खडकावर कोरणाऱ्या माणसाला विस्मरणाची भीती नीट कळलेली असणार.

मधली शतके ओलांडून शिवकाळात यावे तर तिथेही राज्याच्या अंदाजपत्रकात हीच शिस्त दिसते. १६७१-७२ च्या सुमाराच्या एका जाबित्यात गडांच्या इमारतीसाठी १ लाख ७५ हजार होनांची वाटणी गडवार लावली आहे. त्यांतले ५० हजार एकट्या रायगडाला. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडाला एकच वाट आणि एकच दरवाजा असू नये, चोरदिंड्या ठेवाव्यात, नित्य राबत्याला लागतील तेवढ्या मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, उतारावरची झाडी जिवापाड राखावी, असा उपदेश आहे. वाट म्हणजे काय, ती केव्हा हवी आणि केव्हा नको, याचा इतका बारकाईने विचार करणारे राज्यशास्त्र दुर्मीळच. आणि या विचाराला माणसांचा आधार होता. डोंगराच्या निम्म्या उंचीवर ‘मेटे’ असत, म्हणजे वाटेवरच्या चौक्या. तिथे राहणारी कुटुंबे येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवीत आणि त्याबदल्यात जमिनी कसत. त्र्यंबकजवळचे मेटघर हे गाव त्या व्यवस्थेचे नाव अजून वागवते. सप्तशृंगीच्या डोंगरावर उमाबाई दाभाड्यांनी बांधलेल्या पायऱ्यांसारखी कामे श्रद्धेतून झाली; पण रोजच्या घाटवाटा राखल्या गेल्या त्या इनामाच्या, वतनाच्या आणि बिगारीच्या बळावर.

इथे भाबडेपणा टाळला पाहिजे, कारण गतकाळाच्या आठवणींत या वाटा नेहमीच नीट झाडलेल्या दिसतात आणि झाडणारा कधीच दिसत नाही. वाटसरूला रस्ता दाखवणे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, हद्दी आणि वाटा राखणे ही कामे गावगाड्यात महारांच्या गळ्यात वतनाच्या नावाने बांधली होती, आणि मोबदला असे तुटपुंजी जमीन आणि हक्काच्या भाकरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले ते या दास्याविरुद्धच. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा यायला त्यानंतर ३० वर्षे लागली; तो १९५८ चा. ती वतने गेली हे न्याय्यच झाले. मात्र बिगारीने जे काम होत होते ते पगार देऊन करून घेण्याची जबाबदारी नव्या राज्याने उचलली नाही, आणि वतनाबरोबर ते कामही कागदावरून पुसले गेले. आपल्या वाटांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा खळगा आहे आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही, बहुधा म्हणूनच की त्यावर बोलायचे तर ‘पूर्वी गावकरी आपुलकीने वाट राखायचे’ हे गोड वाक्य सोडून द्यावे लागते.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये वाटेला एक उलटेच सरकारी अनुदान मिळाले, ते दारूगोळ्याचे. पुन्हा बंडाचा आश्रय होऊ नये म्हणून कंपनी सरकारने अनेक डोंगरी किल्ल्यांचे दरवाजे, तट आणि पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या. अलंग-मदनच्या कड्यावर आज दोर लावून चढणाऱ्याला तुटक्या पायऱ्यांच्या त्या खुणा हाताला लागतात. विध्वंसाबरोबर निर्मितीही आली, पण चाकांसाठी. सर जॉन माल्कम यांच्या गव्हर्नरकीत १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावू लागली आणि शेजारच्या डझनावारी घाटवाटा हळूहळू गुराख्यांच्या आणि कातकऱ्यांच्या झाल्या. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ बसला. त्याचे दोन तृतीयांश रस्त्यांसाठी आणि एक तृतीयांश शाळांसाठी होते. ठरावीक कराचे ठरावीक कामासाठी उत्पन्न, ही कल्पना आधुनिक खरी. पण कुणब्याच्या पट्टीतून निघालेला तो आणा पोचला कुठे, याची झडती जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये घेतली आहे. पायी चालणाऱ्याकडून घ्यायचे आणि गाडीने जाणाऱ्यासाठी खर्चायचे, ही रीत तेव्हापासूनची.

निव्वळ हौसेने चालण्यासाठी सरकारने वाटा आखल्या त्याही याच काळात, आणि त्या साहेबासाठी. महाबळेश्वर माल्कमच्या काळात वसले. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढला आणि थोड्याच वर्षांत तिथे लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा अशा नावांच्या टोकांकडे जाणाऱ्या सावलीच्या लाल वाटा तयार झाल्या. भटकंतीची वाट ही सार्वजनिक खर्चाची बाब असू शकते, हे आपल्याकडे प्रथम ठरले ते थंड हवेच्या ठिकाणी. त्या वाटांवर साहेबाची खुर्ची वाहणाऱ्यांना आणि रिक्षा ओढणाऱ्यांना हौसेचा प्रश्नच नव्हता. या वर्गभेदाचा शेवटचा अवशेष पुसण्याचा न्यायालयाचा आदेश यायला ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने या बाबतीत जगाला शिकवावे असे एक काम केले आणि मग ते शिकवणे स्वतःच विसरला. १९७२-७३ च्या दुष्काळात शिखरावर असताना सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, बंधारे, पाझर तलाव. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, आणि तिच्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने घालायची. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून माण-खटावच्या मजुराची मजुरी, असा हा सरळ धागा होता. लोकल फंडाची दिशा त्यात अगदी उलटवली होती. पण योजनेची मोजणी झाली ती निर्माण केलेल्या कामांची आणि मनुष्यदिवसांची. पूर्ण झालेला रस्ता दुसऱ्या पावसाळ्यात कोणी पाहायचा, हे तिच्याही रचनेत नीट बसले नाही. रस्ता झाला की मजूर दुसऱ्या कामावर.

हीच कथा इतरत्र कशी घडली हे पाहणे उपयोगाचे आहे. अमेरिकेत महामंदीच्या काळात १९३३ ते १९४२ या नऊ वर्षांत ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’च्या सुमारे ३० लाख तरुणांनी जंगलांत रस्ते, धरणे आणि हजारो मैल पायवाटा केल्या. १९६८ मध्ये राष्ट्रीय वाटांचा कायदा आला. १९९१ मध्ये ‘रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राम’ची पायाभरणी झाली, आणि तिची युक्ती मार्मिक आहे. रस्ता सोडून रानात, बर्फात चालणाऱ्या गाड्यांनी जे इंधन जाळले त्यावरच्या केंद्रीय करातून या निधीची कल्पना निघाली. राज्यांना अर्धा पैसा समसमान आणि अर्धा त्यांच्याकडच्या अशा इंधनवापराच्या प्रमाणात मिळतो. त्यातला ठरावीक भाग मोटारींच्या वाटांना, ठरावीक पायी आणि घोड्यावरून जाणाऱ्यांच्या वाटांना. आणि मुख्य म्हणजे असलेल्या वाटेची देखभाल हा अनुदानाचा मान्य खर्च आहे. तरीही २०१३ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षण यंत्रणेने दाखवून दिले की वनविभागाच्या १,५८,००० मैल वाटांपैकी जेमतेम पाव हिस्सा ठरलेल्या दर्जाचा आहे. २०२० मध्ये साचलेली दुरुस्ती उपसण्यासाठी पाच वर्षांचा खास निधी काढावा लागला. श्रीमंत देश, स्वतंत्र कर, स्वतंत्र कायदा आणि सुट्टीच्या दिवशी फावडे घेऊन निघणाऱ्या स्वयंसेवकांची फौज, इतके असूनही ही स्थिती. कारण लोकप्रतिनिधीला नवी वाट दाखवता येते आणि राखलेली वाट दाखवता येत नाही, हा स्वभाव वॉशिंग्टनपासून वेल्ह्यापर्यंत सारखाच आहे.

आपल्याकडे त्यात आणखी एक गाठ पडली आहे. गावनकाशावर पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेला असतो, पण गावठाण सोडून डोंगर लागला की ती रेषा अनाथ होते. किल्ल्याचा माथा पुरातत्त्वाचा, केंद्राचा किंवा राज्याचा. उतार वनखात्याचा, कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी अभयारण्याचा. पायथा ग्रामपंचायतीचा आणि पायथ्यापर्यंतचा रस्ता सार्वजनिक बांधकामाचा. चारही खात्यांना आपापल्या हद्दीत खर्च करता येतो आणि चौघांनाही वाट ही दुसऱ्याची वाटते. जिल्हा वार्षिक योजनेतून गडकिल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारकांसाठी तीन टक्क्यांपर्यंत निधी राखण्याची सोय झाली, ती स्वागतार्हच. परंतु प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश या पायऱ्या चढत तो पैसा कामाला लागतो तो बहुधा मार्चच्या तोंडावर, आणि खर्च तर मार्चअखेर दाखवायलाच हवा. वाटेचे पंचांग वेगळे आहे. तिची जखम उघडी पडते ऑक्टोबरात, गवत पिवळे पडू लागताच. दगड निसटलेले, मुरूम वाहून घळ झालेली. ती तेव्हा हजार रुपयांत, दोन माणसांच्या दोन दिवसांच्या कामात भरते. मार्चमध्ये तिला लाखांचे अंदाजपत्रक लागते, आणि मग तिथे सिमेंट येते.

सिमेंटचा मुद्दा सौंदर्याचा आहेच, पण त्याआधी पाण्याचा आहे. कोकणातली जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, जांभ्याचे चिरे किंवा काळे दगड बिनचुन्याने बसवून केलेली असे. पाणी फटीतून जिरे, एखादा चिरा ढळला तर पहार घालून परत बसवता येई. घाटवाटांवर वरच्या अंगाला आडवे चर खणून पाणी बाजूला काढून देत. काँक्रीटची पाखाडी पहिल्या दोन पावसाळ्यांत शेवाळाने निसरडी होते, खालची माती धुपली की पोकळ पडते आणि तुटते तेव्हा सगळी तुटते. आणि कंत्राटदाराच्या दोषदायित्वाचा काळ तोवर बहुधा संपलेला असतो. ७ जुलै २०२४ रोजी रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट कोसळले, लोक कठड्यांना धरून अडकले आणि गड बंद करावा लागला. आकाशातून पडणाऱ्या पाण्याला कोणी अडवू शकत नाही. ते कोणत्या वाटेने उतरावे याचा विचार मात्र गडाच्या मूळ बांधणाऱ्यांनी केलेला होता. २०१७ पासून याच गडासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे आणि सुमारे ६०० कोटींचा आराखडा आहे. होनांच्या काळातही मोठा वाटा रायगडाचा होता, त्यामुळे त्याची असूया नको. प्रश्न बाकीच्या शेकडो गडांचा आणि घाटवाटांचा आहे, ज्यांना ना प्राधिकरण आहे ना आराखडा.

माथेरानचे प्रकरण या सगळ्याचे सार आहे. वाहनबंदीच्या या गावात लाल मातीच्या धुपीवर उपाय म्हणून पेव्हर ब्लॉक आले, त्यावरून वर्षानुवर्षे तंटा चालला आणि अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगताना दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉकला परवानगी दिली आणि अंतर्गत रस्त्यांना व भटकंतीच्या वाटांना ती नाकारली. पायवाटेवर काय घालावे हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला ठरवावे लागणे, ही त्या वाटेला कोणी धनी नसल्याचीच खूण.

आणि ज्यांना वाटते की भटक्यांच्या वाटा म्हणजे शहरी हौस, त्यांनी १९ जुलै २०२३ ची रात्र आठवावी. इर्शाळगडाच्या पोटाला वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. वर जायला रस्ता नव्हता. मदतीला धावलेली पथके, स्थानिक गिर्यारोहक आणि अग्निशमन दलाचे जवान पावसात त्याच निसरड्या पायवाटेने चढले, यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि चढतानाच एका जवानाने प्राण सोडले. सुट्टीच्या दिवशी शेकडो भटके जी वाट तुडवीत, तीच त्या वाडीची आयुष्याची वाट होती. सह्याद्रीत जवळपास प्रत्येक ट्रेकची वाट कोण्या ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी वस्तीची शाळेची, दवाखान्याची आणि बाजाराची वाट आहे.

उपाय शोधायला फार दूर जावे लागत नाही. कासच्या पठारावर आणि कितीतरी गडांच्या पायथ्याशी गावच्या वनव्यवस्थापन समित्या प्रवेशाची पावती फाडतात. तो नाणेघाटचा रांजणच आहे, फक्त त्यात पडलेल्या पैशातून किती वाटेवर परत जातो हे ठरवून दिलेले नाही. मग ठरवावे. बारा किल्ल्यांसाठी येणाऱ्या निधीचा एक हिस्सा मुद्दल म्हणून बाजूला काढावा, त्याला हात लावू नये. व्याज पायथ्याच्या गावांना मजुरीसाठी मिळावे, मार्चला नव्हे तर ऑक्टोबरला आणि पुन्हा मे महिन्यात. ज्या मेटकऱ्यांच्या, ठाकरांच्या घरात ही वाट पिढ्यान्‌पिढ्या चालली गेली त्यांची नावे हजेरीपटावर यावीत, वेठीने नव्हे, सरकारी दराने. आणि हा हिशोब दरसाल ग्रामसभेत वाचून दाखवून पायथ्याच्या त्याच फलकावर रंगवावा, जिथे आज कामाचे नाव, अंदाजित रक्कम आणि भूमिपूजनाची तारीख लिहिलेली असते. काम पहारीचे, घमेल्याचे आणि दगड ओळखणाऱ्या हातांचे आहे. वरच्या अंगाचे आडवे चर वळवाच्या पहिल्या सरीआधीच उपसावे लागतात. मृग लागल्यावर उपसलेला चर त्याच रात्री पुन्हा भरतो.